दरड

काशीदच्या पुळणीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, की अथांग अरबी समुद्र दिसतो. पाठ फिरविली, की फणसाडच्या अरण्याचे हिरवे डोंगर दिसतात. आषाढात सागर खवळतो, तेव्हा त्याची गाज दूरवर ऐकू येते आणि कोळी आपल्या होड्या आधीच वर ओढून ठेवतात. डोंगराचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे स्तब्ध असतो. म्हणूनच त्याच्या पायथ्याशी माणसे निर्धास्तपणे घरे बांधतात.

हिमालयात हिवाळी वादळांच्या वेळी जुन्या बर्फावर नव्या बर्फाचा जड थर साचतो. त्या दोहोंमध्ये एखादा ठिसूळ पापुद्रा राहिला असेल, तर वरचा सारा थर एकाएकी निसटतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन येथे हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक सुपुत्र होता.

सह्याद्रीत असे हिम कोठून असणार? परंतु हिमाच्या जागी माती कल्पावी, म्हणजे दरडीचे मर्म ध्यानी येते. डोंगराच्या अंगावर माती व कुजलेले दगड यांचे पांघरूण असते आणि त्याखाली कठीण कातळ असतो. मुसळधार पावसात पाणी मातीत मुरते. माती जड होते, तिच्या कणांची परस्परांवरील पकड ढिली पडते, आणि कातळावर थबकलेले पाणी तिला खालून उचलू पाहते. अशा वेळी उतार तीव्र असेल, झाडांची मुळे नाहीशी झाली असतील किंवा रस्त्यासाठी पायथा खणला असेल, तर ते पांघरूण घसरावयास कितीसा वेळ लागणार!

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असे लुप्त झाले. त्या मार्गाने आलेल्या एस. टी. च्या चालकाला नेहमीचे गावच दिसेना. त्याने दिलेल्या वार्तेमुळे हा अनर्थ जगाला कळला. १५१ माणसे मृत्यू पावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच पावसात महाबळेश्वरी एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांची वाडी गाडली गेली. तेथे रस्ता नव्हता. यंत्रे नेता येईनात, म्हणून कुदळ-फावडी घेऊन माणसांनाच गड चढावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादी उपयुक्त खरीच. पण डोंगर काही यादी वाचीत नाही.

मात्र तो पुष्कळदा सूचना देतो. उतारावर भेगा पडतात. झाडे व विजेचे खांब कलतात. भिंतींना तडे जातात. कोरड्या जागी अकस्मात झरे फुटतात. ओढ्याचे पाणी एकदम गढूळ होते. कधी ऐन पावसात ओढा आटतो. तेव्हा मुले हर्षभराने मासे धरावयास पात्रात उतरतात. वस्तुतः वर कोठे तरी घसरलेल्या मातीने पाणी अडविलेले असते, आणि तो बांध फुटला, की चिखल व धोंडे यांचा लोंढा त्याच पात्रातून खाली येतो. म्हणून जाणती माणसे अशा वेळी ओढ्याच्या काठाने खाली धावत नाहीत. ती लोंढ्याची वाट सोडून बाजूच्या उंचवट्याकडे जातात, आणि भांड्याकुंड्यांसाठी मागे फिरत नाहीत.