गाभण डुकरिणीवरील अदृश्य ताण

वराहपालनाचा हिशेब सर्वसाधारणपणे पिलांच्या संख्येवर मांडला जातो. एका वेतात दहा-बारा पिले झाली की पशुपालक समाधान पावतो. परंतु ही पिले पोटात वाढविताना आणि त्यांना दूध पाजताना मादीच्या शरीराची किती झीज होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्याच्या अखेरच्या महिन्यात गर्भाची वाढ झपाट्याने होते. व्याल्यानंतर दूध वाढत जाऊन तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते सर्वाधिक होते. या दोन्ही काळांत पेशींना जादा ऊर्जा निर्माण करावी लागते. त्या क्रियेत ऑक्सिजनचा काही अंश अतिक्रियाशील रूपात उरतो. एरवी शरीर त्याचा बंदोबस्त करते. मात्र त्याचे प्रमाण आवाक्याबाहेर गेले, की पेशींची आवरणे, प्रथिने आणि आनुवंशिक द्रव्य यांना इजा पोहोचते. यालाच ऑक्सिडीकरणजन्य ताण म्हणतात. अधिक पिले देणाऱ्या डुकरिणींवरील एक संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भकाळाच्या अखेरीस त्यांच्या रक्तातील ‘ई’ जीवनसत्त्व घटल्याचे त्यात आढळले.

संरक्षक घटक

‘ई’ जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्याचे रक्षण करते. सेलेनियम हे खनिज आहारात आवश्यक असल्याचे १९५७ मध्ये दिसून आले. शरीरातील एका संरक्षक विकराचा ते घटक असल्याचे १९७३ मध्ये सिद्ध झाले. हे दोन्ही घटक परस्परांना पूरक आहेत.

‘ई’ जीवनसत्त्व वारेतून गर्भाला फारच थोडे मिळते. पिलाला त्याचा मुख्य पुरवठा जन्मानंतर चिकातून होतो. म्हणजे आईचा साठा आटला, की पिलूही दुबळे राहते. पिलांना पंडुरोग होऊ नये म्हणून पहिल्या काही दिवसांत लोहाचे इंजेक्शन देतात. मात्र या दोन घटकांची उणीव असलेल्या पिलांना तेच लोह घातक ठरू शकते.

उपाययोजना

डुकराला घामावाटे शरीर थंड ठेवता येत नाही. उन्हाळ्यात व्यालेली मादी खाणे कमी करते. मग दुधासाठी तिच्या अंगचे मांस व चरबी खर्च होते आणि ताण वाढतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ही अडचण विशेष जाणवते. यासाठी वाड्यावर सावली, खेळती हवा, अंगावर पाण्याचा शिडकावा आणि दिवसभर स्वच्छ, गार पाणी या गोष्टी अत्यावश्यक आहेत. खुराक सकाळी लवकर व सायंकाळी द्यावा. बुरशी आलेले धान्य, खवट पेंड आणि वारंवार तापविलेले तेल गाभण मादीच्या खाद्यात मुळीच नसावे. खवट स्निग्ध पदार्थ ‘ई’ जीवनसत्त्वाचा नाश करतात. हिरवा चारा त्याची काही अंशी भरपाई करतो.

सेलेनियमच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. एक किलो खाद्यात त्याची गरज अवघी ०.१५ मिलिग्रॅम असते. हेच प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास विषबाधेचा धोका संभवतो. म्हणून ते सुटे न देता तयार खनिज मिश्रणातून, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

वराहपालनासाठी कर्ज वा अनुदान मिळाले, की मादी खरेदी होते. तिची सावली, पाणी व खुराक यांची तरतूद मात्र मागे पडते. ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकाऱ्यांनी ही तरतूद आधी पाहावी. लहान पशुपालकाजवळ एकदोनच माद्या असतात. त्यांतील एक निकामी झाली, तर त्याचा वर्षाचा आधार जातो.