बायपास : हृदयाचा वळणरस्ता

रस्ता बंद पडला की आपण बाजूने वळणरस्ता काढतो ना? बायपास म्हणजे तेच! हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी आतून चरबी साचून अरुंद झाली, की आपल्याच शरीरातली दुसरी रक्तवाहिनी जोडून अडथळ्याच्या पुढे रक्त पोचवतात.

१९६४ मध्ये लेनिनग्राडला वसिली कोलेसोव्ह यांनी छातीतली धमनी धडधडत्या हृदयालाच जोडली. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरली. हे मूळचे अर्जेंटिनाचे, आधी बारा वर्षं खेड्यात डॉक्टरकी केलेले! त्यांची पद्धत जगभर रुजली. पण पायातली शीर काही वर्षांनी पुन्हा तुंबू शकते, छातीतली धमनी जास्त टिकते. म्हणून आज शक्य तिथे तीच वापरतात.

पुढची दिशा लहान छेदाची आणि रोबोटच्या मदतीची आहे. पण मुलांना एक गोष्ट नक्की सांगा : बायपासने रस्ता नवा मिळतो, आजार जात नाही. तंबाखू सुटली नाही, चालणं वाढलं नाही, तर नवा रस्ताही तुंबतो. आणि हा धडा मुलं पुस्तकापेक्षा आपल्याकडे बघूनच शिकतात, नाही का?