जन्माची नोंद आणि फुटबॉलचे मैदान

सन २०१६ च्या सप्टेंबर महिन्यात आशिया खंडातील सोळा देशांचे कुमार फुटबॉल संघ गोव्यात उतरले होते. सोळा वर्षांखालील मुलांची ही आशियाई स्पर्धा फातोर्डा आणि बांबोळी येथील मैदानांवर खेळली गेली. विजेतेपद इराकने मिळविले. परंतु स्पर्धेचे खरे महत्त्व करंडकापुरते नव्हते. उपान्त्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना पुढील वर्षीच्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळावयाचा होता. इराक, इराण, जपान आणि उत्तर कोरिया यांनी तो मिळविला. भारताला संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ आणि इराणकडून ०-३ अशी हार पत्करावी लागली व सौदी अरेबियाविरुद्धचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. यजमान या नात्याने विश्वचषकातील आपली जागा आधीच निश्चित असल्याने त्याची झळ लागली नाही. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, मलेशियात ती सवलत नव्हती. तेथे आपली मुले उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली आणि दक्षिण कोरियाकडून एका गोलाने हरली. विश्वचषक केवळ एका विजयाच्या अंतरावर राहिला.

अशा स्पर्धांत मैदानावरील खेळापूर्वी एक पात्रता पाहिली जाते, ती म्हणजे जन्मतारीख. गोव्यातील स्पर्धेसाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर झालेला असणे आवश्यक होते. ३१ डिसेंबर १९९९ रोजी जन्मलेला मुलगा कितीही गुणी असला तरी त्याला दार बंद. आपल्याकडील शालेय स्पर्धांतही १ जानेवारी हीच तारीख धरून चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गट पाडले जातात.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हा मुलूख कबड्डीचा. तथापि २०१७ च्या विश्वचषकाचे सामने येथून फार दूर नसलेल्या नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात झाले. त्याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव केला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे, असा उपक्रमही शासनाने हाती घेतला होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ च्या भारतीय संघात खेळला. शालेय स्पर्धांतून जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी ही शिडी आहे, आणि तिची पहिली पायरी वाडीवरच्या शाळेत असते.

या पहिल्या पायरीला हवामानाचीही एक अनुकूलता आहे. फुटबॉलच्या शालेय स्पर्धांचा, तसेच १९६० पासून चालू असलेल्या सुब्रतो करंडकाच्या प्राथमिक फेऱ्यांचा हंगाम पावसाळ्यात येतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मुले शाळेत असतात नेमक्या त्याच दिवसांत स्पर्धा असतात. चिखलात खेळावे लागते हे खरे. पण येथील मुलांना चिखलाचे वावडे असल्याचे कोणा शिक्षकाने पाहिले असेल असे वाटत नाही.

१ जून

आपल्या शाळांचे जनरल रजिस्टर चाळावे. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख पुनःपुन्हा आढळेल. एवढी मुले एकाच दिवशी जन्मली असणे शक्य नाही. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचे नाव घालताना त्याच्या अंगलोटावरून वर्ष ठरवावयाचे आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहावयाची, असा हा जुना परिपाठ आहे. मूल शाळेत यावे हा त्यामागील हेतू चांगलाच होता, आणि त्यामुळे कित्येक मुले शिकली, हेही नमूद केले पाहिजे.

पण या अंदाजाची किंमत पुढे चुकवावी लागते. समजा, एक मुलगी फेब्रुवारी २००५ मध्ये भट्टीवर जन्मली. शाळेत नाव घालताना 'सहा वर्षांची असेल' म्हणून तिची तारीख १ जून २००४ पडली. २०२२ च्या विश्वचषकासाठी मर्यादा १ जानेवारी २००५ ही होती. खऱ्या वयाने ती त्या गटात बसत होती, कागदाने ती बाहेर गेली. तिच्या खेळाचा प्रश्नच उद्भवला नाही. नोंदवहीतील तारीख नंतर बदलावयाची तर सबळ पुरावा व वरिष्ठांची मान्यता लागते, आणि पुरावाच नव्हता म्हणून तर अंदाज करावा लागला होता.

मनगटाची साक्ष

अंदाज उलट बाजूने चुकला तर परिणाम अधिक कडू होतो. खुरटलेल्या बांध्यामुळे एखाद्या मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लागले, तर तो वैद्यकीय तपासणीत अडकतो. जागतिक फुटबॉल महासंघाने २००९ च्या नायजेरियातील कुमार विश्वचषकापासून मनगटाच्या एम.आर.आय. तपासणीचा अवलंब केला. हाताच्या हाडाच्या मनगटाकडील टोकाशी वाढीच्या वयात कूर्चेचा एक थर असतो. वाढ पुरी झाली की तो हाडात विलीन होतो. सतरा वर्षांखालील मुलांत तो पूर्णपणे विलीन झालेला क्वचितच आढळतो; शंभरांत एकाहूनही कमी असे हे प्रमाण आहे. सबब तसा आढळल्यास मुलगा वयाने मोठा मानून वगळला जातो. मुलींची हाडे लवकर जुळत असल्याने त्यांना ही कसोटी लावीत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही तपासणी मुलाला बाहेर काढू शकते, आत घेऊ शकत नाही. मनगट जन्मतारीख सांगत नाही. कागदावर वय जास्त लागलेल्या मुलाचे मनगट कितीही कोवळे असले तरी त्याचा कागद बदलत नाही. कमी वय लागलेल्या निरपराध मुलावर मात्र लबाडीचा शिक्का बसतो. सुब्रतो करंडकातही वाढीव वयाच्या खेळाडूंमुळे संघ बाद झालेले आहेत. त्यांतील सर्वच प्रकार भोळेपणाचे नव्हते. सामना जिंकण्यासाठी जाणूनबुजून मोठी मुले उतरविणाऱ्यांनी खऱ्या लहान मुलांची जागा खाल्ली, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

नोंद कोठे व केव्हा?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि वर्षाच्या आत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने नोंद होते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनुसार हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांना आहे. विलंबित नोंदींची छाननी राज्याने २०२५ मध्ये अधिक कडक केली. याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविला आहे. त्यांच्या पारपत्रासाठीही तोच लागतो. परदेशी जाणाऱ्या संघात पारपत्रावाचून नाव जात नाही. म्हणजे त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना १ जूनचा आधारही उरलेला नाही.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ठिकाणाबद्दल. जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडेच नोंद करावयाची असते, आई-वडिलांच्या मूळ गावी नव्हे. भट्टी पनवेल, कल्याण वा भिवंडी तालुक्यात असेल तर नोंद तेथील ग्रामपंचायतीत व्हावयास हवी. रुग्णालयातील जन्माची खबर रुग्णालय देते. भट्टीवरच्या झोपडीतील जन्माची खबर देणारा बहुधा कोणीच नसतो. कुटुंब मे महिन्यात वाडीवर परतते तेव्हा एकवीस दिवसांची मुदत गेलेली असते, पण वर्षाची मुदत शिल्लक असते. आशा कार्यकर्तीने किंवा अंगणवाडी सेविकेने पहिल्याच भेटीत तान्ह्या मुलाचा जन्म कोठे झाला हे विचारून घ्यावे, सरपंचांनी आपल्या पत्रानिशी त्या ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करावा. मुलाचे नाव ठरले नसले तरी अडत नाही. नोंद नावाविना होते आणि नाव पंधरा वर्षांपर्यंत पुढे घालता येते. जून ते दिवाळी हे चार-पाच महिने या कामासाठी हाताशी असतात.