व्हिन्सेंटचं गाणं समजून घेताना

आपल्या हॉस्टेलवर रात्री बारानंतर कुठल्या ना कुठल्या रूममधून डॉन मॅक्लीनचं 'व्हिन्सेंट' हमखास ऐकू येतं. चाल गोड, गिटार हळुवार, म्हणून बरेच जण ते प्रेमगीतच समजतात. फर्स्ट इयरला मीही तसंच समजायचो. १९७१ सालच्या 'अमेरिकन पाय' या अल्बममधलं हे गाणं खरं तर डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवर आहे.

गाण्याच्या मुळाशी 'द स्टारी नाइट' हे चित्र आहे. जून १८८९ मध्ये व्हिन्सेंट फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, तोही स्वतःहून दाखल झालेला. खिडकीतून पाहिलेलं पहाटेआधीचं आकाश त्याने दिवसा आठवून रंगवलं. पुढच्याच वर्षी, जुलै १८९० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आता गाण्याची रचना पाहू. गायक थेट व्हिन्सेंटशी बोलतो, जणू तो समोर बसलाय. कडव्यांत त्याची चित्रं एकेक करून येतात. ध्रुपदात आधी आशा आहे, की लोक आता तरी ऐकतील. शेवटी तीच ओळ फिरते : कदाचित कधीच ऐकणार नाहीत. माझ्या मते सगळं गाणं या एका बदलात आहे. समजलं आम्हाला, पण सांगायला तू नाहीस!

एका गोष्टीवर मात्र माझं गाण्याशी भांडण आहे. इतक्या सुंदर माणसासाठी हे जग नव्हतंच, असं ते सुचवतं. ऐकायला छान, पण खरं नाही. भाऊ थिओ वर्षानुवर्षं पैसे आणि पत्रं पाठवत होता. जानेवारी १८९० मध्ये ऑरिये नावाच्या समीक्षकाने त्याच्यावर कौतुकाचा लेख लिहिला होता. आणि व्हिन्सेंटची चित्रं आजारपणाने काढली नाहीत. झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत तो झपाटल्यासारखा काम करायचा. दुःखामुळे नव्हे, दुःख असूनही.

आपल्याकडेही असा एक चित्रकार होऊन गेला, कोल्हापूरचे अबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकलेले, राजर्षी शाहू महाराजांचा आधार लाभलेले. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर अबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं सांगतात. १९३१ साली ते वारले. त्यांच्यावरचं असं गाणं काही माझ्या ऐकण्यात नाही.

हे सगळं वाचताना मला आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतले पेंटरकाका आठवले. मंडळाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, सगळं हाताने रंगवायचे. फ्लेक्स आला आणि काम गेलं. मग ते गॅलरीत एकटेच बडबडत बसायचे. आम्ही पोरं 'वेडा पेंटर' म्हणून हसायचो. एक दिवस खोलीला कुलूप दिसलं, काका गावी गेले होते. 'काका, काय झालं?' एवढंही मी कधी विचारलं नाही.

म्हणून सांगतो, गाणं जरूर ऐका. पण शेजारच्या रूममधला कुणी चार दिवस मेसला दिसला नाही, तर हेडफोन काढून त्याचं दार वाजवा. जमेल तसं बोला, नाहीच जमलं तर सरांना सांगा. गाणं नंतरही ऐकता येईल.