ठिबकच्या खोलीतला शेजार

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या शिवारात पाणी मोजूनमापून वापरावे लागते. म्हणून ठिबक आले आणि ठिबकच्या मागोमाग ॲसिडचे कॅन आले. नळ्यांत क्षार साठले की ॲसिड सोडायचे, शेवाळ धरले की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे पाणी. दोन्ही कामे गरजेचीच. घोळ होतो तो दोन्ही माल एकाच पंपघरात, एकाच फळीवर ठेवल्याने.

इथल्या एका बागायतदाराने बादलीत टीसीएल कालवले होते. तळाशी पांढरा गाळ उरला. दुसऱ्या दिवशी त्याच बादलीत त्यांनी ॲसिड ओतले. बादली फसफसली, हिरवट-पिवळा धूर वर आला आणि श्वासच अडकला. "अहो, आधी बाहेर या!" बायकोची हाक ऐकून ते दाराकडे धावले, म्हणून निभावले. खोकला मात्र रात्रभर थांबला नाही.

तो धूर क्लोरीनचा. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. चांगल्या टीसीएलमध्ये जवळपास तिसरा हिस्सा क्लोरीन असतो आणि ॲसिड लागताच तो मोकळा होतो. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो जमिनीलगत, खड्ड्यात, विहिरीत साचून राहतो.

शिरूर-दौंडकडे रसायनांची भीती म्हटली की कुरकुंभचे नाव निघते. ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांनी रात्रीच घरे सोडली होती. पण कारखान्यांसाठी निदान 1989 चे घातक रसायनांचे नियम तरी आहेत. पंपघर तपासायला कोण येणार? आणि चुकीच्या जागी साधा पदार्थही घातक ठरतो. भोपाळच्या वायुदुर्घटनेत, डिसेंबर 1984 मध्ये, मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत शिरले होते ते तर पाणीच!

तेव्हा ॲसिड एका खोलीत, टीसीएल दुसरीकडे. वेगळी फळी पुरत नाही. टीसीएल कोरड्या, थंड जागी, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात असावे. युरिया, अमोनियम सल्फेट, डिझेल, रॉकेल यांचाही शेजार त्याला चालत नाही. कुठे विषारी वायू होतो, कुठे आपोआप पेट घेतो. ॲसिड आणि टीसीएलच्या बादल्या आणि मापे वेगळी ठेवावीत, त्यांवर ठळक रंगात नावे घालावीत. एक प्रक्रिया झाल्यावर नळ्या स्वच्छ पाण्याने धुतल्याशिवाय दुसरी करू नये. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडवर पाणी कधीच नाही. थंड पेयाच्या बाटलीत तर ते भरूच नये. घरात पोरे असतात. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचे हे गाव, हाताने काम करत शिकण्याची रीत इथे रुजलेली. डब्यांवर नावे घालण्याचे काम शाळेतल्या मुलांनाही आवडेल.

धूर निघालाच तर बादली उचलायला थांबू नका. वाऱ्याच्या उलट दिशेला, उंचावर जा. डोळ्यांवर किमान 15 मिनिटे स्वच्छ पाणी सोडा. 108 ला फोन करताना कशात काय मिसळले ते आधी सांगा. बरे वाटले तरी दवाखान्यात जा, कारण फुप्फुसांचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो.