अभ्यास गट : गोलात बसून शिकण्याची रीत

शिक्षण म्हणजे एकाने सांगायचे आणि इतरांनी ऐकायचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ज्यांच्या घरात प्रथमच कोणी पदवीच्या वर्गात पोहोचले, अशा मुलामुलींची तीन वर्षे पुष्कळदा शेवटच्या बाकावर मुकाट्याने सरतात. त्यांना काही येत नाही असे नव्हे. त्यांना कोणी विचारीत नाही. म्हणून आपल्याच राज्यातील एका आदिवासी गावाची शिकण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे लहानसे गाव. देवाजी तोफा हे गावचे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले अभ्यासक, यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यास गट रुजले. जंगल, मध, कायदा असा विषय घेऊन गावकरी व जाणकार एकत्र बसतात. गटात चर्चा होते, निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. निर्णयाचे ओझे नसले की माणूस निर्भयपणे बोलतो आणि दुसऱ्याचे पटले तर आपले मत बदलतो. या अभ्यासाचे फळही मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

कॅनडातील मूलनिवासी समाजांतही गोलात बसून दगड किंवा पीस हातोहात फिरविण्याची प्रथा आहे. ज्याच्या हाती ती वस्तू, त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. तेथील काही विद्यापीठांच्या वर्गांतही ही रीत वापरली जाते.

आपल्याकडे हे कसे करता येईल? समजा, मालवण परिसरातील अर्थशास्त्राच्या वर्गात मासेमारीचा विषय आहे. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. तो आदेश सर्वांनी आधी वाचावा. मग पंधरा-वीस जणांनी गोलात बसावे. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या एखाद्या जाणत्या मच्छीमारास पाहुणा म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून बोलवावे. प्रत्येकाने एकदा बोलावे; सर्वांचे झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. प्राध्यापकांनी शेवटी बोलावे. त्या दिवशी गुण देऊ नयेत. झालेली चर्चा एका विद्यार्थ्याने लिहून काढावी आणि ती त्या मच्छीमारास वाचून दाखवावी.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसत्या खुर्च्या गोल मांडल्याने अभ्यास गट होत नाही. ज्यांचे ज्ञान घ्यायचे त्यांचे नाव व मान राखला नाही, तर ती उचलेगिरीच ठरेल. शिवाय व्याख्यान आणि ग्रंथवाचन यांना गट हा पर्याय नव्हे. वाचून न येणाऱ्यांचा गोल म्हणजे नुसत्या गप्पा!

विद्यार्थी मित्रांनो, रापणीची दोरी ओढणाऱ्या बापाचा मुलगा वर्गात बोलू लागला, तर त्याच्याबरोबर त्याच्या घरातील ज्ञानही वर्गात येईल. त्याची सुरुवात आपल्या वस्तीतील अभ्यासिकेपासून करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.