अंगणात किती मुरूम?

मुलांनो, पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, म्हणून आपण मुरूम पसरतो. पण तो किती मागवावा? अंदाज चुकला तर कष्टाचे पैसे वाया जातात.

समजा, अंगण २० फूट लांब व १५ फूट रुंद आहे. थर ४ इंच जाड हवा. ४ इंच म्हणजे एक तृतीयांश फूट. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करा. उत्तर १०० घनफूट, म्हणजेच १ ब्रास. इंचांचे फूट करायला विसरलात, तर १२ ब्रास मुरूम दारात येईल!

पाणी मारून चोपल्यावर मुरूम दबतो, म्हणून थोडा जास्त मागवा. गाडी आली की आधी माल मोजा, मग पैसे द्या.

स्वाध्याय : याच अंगणात ६ इंच थर हवा असेल, तर किती ब्रास मुरूम लागेल?